"दाजी, आकडा फक्त बँकेसाठी वाढवायचाय"

सांगलीत विश्रामबागेतला आमचा जुना फ्लॅट विकायला काढला आणि बातमी फुटल्या फुटल्या बायकोचा मावसभाऊ दारात हजर. घरातलाच माणूस म्हटल्यावर एजंट नको, कमिशन वाचलं, सासूबाई खूष, सगळं कसं गोडीगुलाबीत. भाव ठरला 38 लाख. चहा झाला, भडंग खाऊन झालं आणि मग पठ्ठ्या हळूच म्हणतो, "दाजी, ॲग्रीमेंट मात्र 46 चं करूया. आकडा फक्त बँकेसाठी वाढवायचाय. तुमचं काय जातंय त्यात?"

मग मी कागद पेन घेऊन बसलोच, म्हटलं बघू तरी माझं काय जातंय ते.

आधी त्याचा हिशोब. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या होमलोनला घराच्या किमतीच्या फार तर 80 टक्केच मिळतात. 38 लाखांवर ते होतात 30 लाख 40 हजार, म्हणजे खिशातले 7 लाख 60 हजार घालायला लागणार, वर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं, कारण ते बँक साधारणपणे किमतीत धरत नाही. आता तेच 46 दाखवले की लोन 36 लाख 80 हजार. मला द्यायचे 38, म्हणजे त्याच्या पदरचे फक्त सव्वा लाखाच्या आत. जवळपास फुकटात फ्लॅट. बँकेचा व्हॅल्युअर येऊन किंमत काढतो आणि ॲग्रीमेंटपेक्षा ती कमी निघाली तर बँक कमीचीच धरते, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "ते बघतोय की एकजण, आपलाच हाय." म्हणजे आपल्यासारखे 'आपले' अजून बरेच होते या धंद्यात.

आता माझा हिशोब. बँक विचारणार की बाबा 46 मधले 9 लाख 20 हजार तू स्वतःचे भरलेस त्याची पावती दाखव. ती पावती देणार कोण, तर मी. म्हणजे न मिळालेले 8 लाख मिळाले असं मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं. बरं ते रोख मिळाले लिहावं तर प्रॉपर्टीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायलाच आयकर कायद्यात बंदी आहे, आणि दंड जितके घेतले तितकाच, तोही घेणाऱ्याला. न घेतलेल्या 8 लाखांवर 8 लाख दंडाची टांगती तलवार. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की रजिस्ट्रीच्या कागदात 2 लाख किंवा त्याच्या वर रोख दिसली तर सब रजिस्ट्रारनं इन्कमटॅक्सला कळवायचं. मग तो म्हणाला रोख नको, मी ऑनलाइन टाकतो, तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राच्या खात्यावर परत फिरवा. वा! म्हणजे पावतीच्या जोडीला माझ्या पासबुकात पण पुरावा.

वर टॅक्स. विक्री 46 ची दिसणार म्हटल्यावर नफा 8 लाखांनी फुगणार, साडेबारा टक्क्यानं एक लाख आणि वर सेस. दुसरं घर घेऊन वाचवता येतो म्हणा, पण न मिळालेल्या पैशाचा टॅक्स वाचवायला मी घर शोधत फिरू?

आणि हे सगळं तो हप्ते वेळेवर भरतोय असं धरून. हप्ते थकले, बँकेनं फाईल उघडली, की ॲग्रीमेंटवर सही कोणाची आणि पावतीवर सही कोणाची हेच आधी बघणार. बँकेला फसवणं म्हणजे जुनं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेत कलम 318, आणि त्यात कर्ज घेणारा एकटाच अडकतो असं काही नाही. लोन त्याला, फ्लॅट त्याला आणि कोर्टाच्या तारखांना आपण दोघं, अशी भागीदारी.

'सगळेच करतात' हे वाक्य तर मला दिवसाला चार जणांनी ऐकवलं. करत असतील. पण अनोळखी गिऱ्हाइकानं हे विचारलं असतं तर मी दारातूनच वाटेला लावलं असतं, मेव्हण्याला मात्र चहा पाजून ऐकून घेतलं, आणि ओळखीची खरी भानगड तिथंच आहे. ओळखीचा माणूस पैसे बुडवून पळून जाईल याची भीती मला फारशी वाटत नाही, जाणार कुठं, लग्नकार्यात भेटणारच. भीती ही की तो छोट्या छोट्या खोट्या सह्या मागतो आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.

मी सरळ वकिलाचं नाव पुढं केलं. "वकीलसाहेब म्हणतात खऱ्या आकड्याचाच कागद करणार, नाहीतर दुसरा वकील बघा." वकील आपल्या ओळखीचा नाही आणि खरेदीदाराच्याही ओळखीचा नाही असा गाठायचा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. वाईटपणा घ्यायलाच तर त्याला फी देतोय.

आता साताऱ्याकडचं एक उदाहरण सांगतो, वडिलांच्या दोस्तांचं. रिटायर्ड मास्तर. कोरेगावच्या बाजूचा प्लॉट जुन्या विद्यार्थ्याला दिला. "गुरुजी, राहिलेले 6 लाख दोन चेकनं देतो, तेवढं खरेदीखत आत्ता करून द्या, लोनचं अडलंय." गुरुजींनी दिलं करून. खरेदीखतात नेहमीची ओळ, मोबदल्याची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांना भरून पावली, त्याबद्दल काही एक तक्रार राहिली नाही. ती ओळ कुणी वाचतच नाही हो, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा, फोटो, सही, चला पुढचा. प्लॉट गेला एका पतसंस्थेकडं तारण, आणि चेक दोन्ही बाऊन्स.

कायद्यात तसं विकणाऱ्याला संरक्षण आहे, राहिलेल्या पैशापुरता त्या मिळकतीवर त्याचा बोजा राहतो. पण पैसे राहिलेत हे माहीत नसताना ज्यानं रीतसर मोबदला देऊन ती मिळकत घेतली किंवा तारण ठेवून घेतली त्याच्यावर हा बोजा सहसा चालत नाही, आणि पतसंस्थेनं खरेदीखत वाचलं तर त्यात मास्तरच लिहून देतायत की सगळे मिळाले. खरेदीखत रद्द करून मागावं तर गुजरातमधल्या एका जमिनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2020 सालीच सांगितलंय की सगळे पैसे मिळाले नाहीत एवढ्यावरून रजिस्टर खरेदीखत रद्द होत नाही, पैशाचा दावा लावा. राहिली चेकची केस. त्यात पण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसात नोटीस गेली पाहिजे, आणि मास्तर "पोरगा तसा चांगला आहे" म्हणत थांबले. मुदत गेली.

म्हणून पैशाचा आणि कागदाचा क्रम हलू द्यायचा नाही. आधी खऱ्या किमतीचं साठेखत (म्हणजे विक्रीचा करार, तेच ते ॲग्रीमेंट), रजिस्टर, त्यात कुठली रक्कम कधी आली ते चेक नंबर किंवा यूटीआर नंबरासकट (ऑनलाइन पैसे आल्याचा बँकेचा नंबर). त्यावर बँक लोन मंजूर करते. मग बँकेचा डीडी किंवा आरटीजीएस थेट विकणाऱ्याच्या नावावर, खरेदीदाराच्या खात्यावरून फिरून नाही. खरेदीखताच्या दिवशी डीडी हातात घ्यायचा आणि मगच सही. चावी त्यानंतर. ओरिजिनल कागद (जुनं खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी ऑफिसचा दस्ताचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) बँकेच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि यादीवर त्याची सही शिक्का घ्यायचा. "द्या की दाजी, मीच बँकेत नेऊन देतो" याला गोड हसून नाही म्हणायचं. कारण तारणासाठी ओरिजिनल कागद जमा करणं हाच आपल्याकडं गहाणाचा सगळ्यात सोपा प्रकार आहे, ते त्यानं दुसरीकडंच नेऊन ठेवले तर?

साठेखतात अजून एक ओळ घालायची, अमुक तारखेपर्यंत लोन झालं नाही तर काय. कारण रजिस्टर साठेखत मोडायचं तर रद्दलेख पण रजिस्टरच करावा लागतो आणि त्याला समोरच्याची सही लागते. रुसलेला नातेवाईक सहीला येत नाही. आणि त्याची सही होईपर्यंत तुमच्या फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाही.

कुलमुखत्यारपत्राचं (पॉवर ऑफ ॲटर्नीचं) तर विचारूच नका. पोरं पुण्यात, आईवडील गावाकडं, म्हणून खरेदीदाराच्याच नावानं मुखत्यारपत्र करून मोकळं होणारे आमच्याकडं ढिगानं आहेत. 2011 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. पण तोवर त्या कागदाच्या जोरावर तो तुमच्या नावानं काय काय सह्या करून ठेवेल. द्यायचंच तर आपल्या पोराला द्या, आणि एकाच कामापुरतं.

मेव्हण्याचं पुढं काय झालं विचाराल तर तो थोडे दिवस फुगला, मावशींनी बायकोला फोन करून "एवढं काय मागितलं होतं" म्हणून ऐकवलं, मग त्यानं कुपवाडला लहान फ्लॅट घेतला, झेपेल एवढ्या लोनचा. आता नीट बोलतो. आमचा फ्लॅट मिरजेतल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या जोडप्यानं घेतला, बाईंच्या नावावर, स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का वाचला त्यांचा. 38 ला नाही गेला, 37 ला गेला. चालतंय.

एक राहिलं. खरेदीखत झालं की आपण सुटलो असं वाटतं, पण घरपट्टी आणि लाईट बिल विकणाऱ्याच्याच नावावर राहतं, ते बदलल्याची पोच स्वतः जाऊन घ्या. महिना दोन महिन्यांनी नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये जाऊन आपल्या दस्ताचा इंडेक्स टू काढून बघा, त्यात मोबदल्याचा आकडा तोच आहे ना जो तुम्ही घेतलाय.