आमची वाटचाल : रोलरवरचे घोडे, धावपट्टीवरचे घोडे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णांचं लेथचं दुकान होतं. सिलिंडर बोअरिंग, हेड घासणं, व्हॉल्व्हच्या सीट कापणं. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली आणि पोरांचा नादच बदलला. ९८ सीसी, ११ घोडे (म्हणजे हॉर्सपॉवर), वजन जेमतेम शंभर किलो. आण्णा पोर्ट घासून, जेट बदलून द्यायचे आणि पोरगं फेरी मारून आलं की त्याच्या तोंडाकडं बघायचे. हसत आलं तर काम जमलं. मोजमाप एवढंच.

मी धंद्यात शिरलो तोवर गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे छोटे कॉम्प्युटर, आले होते. पाना कमी आणि लॅपटॉप जास्त. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, "किती घोडे वाढले?" नुसत्या हसऱ्या तोंडावर पैसे मिळेनात. शेवटी कर्ज काढून गाडीची ताकद मोजायचं मशीन, डायनो, सेकंड हँड आणला. शेडची फरशी फोडून रोलरचा खड्डा खणला, तेव्हा आण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. "एवढ्यात दोन लेथ आले असते," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

आमचा डायनो साधा, इनर्शियाचा. गाडी पट्ट्यांनी जखडायची, चाकं जड रोलरवर चढवायची आणि वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायचा. रोलर किती झपाट्यानं वेग घेतो त्यावरून मशीन ताकद काढतं. पट्टा जास्त आवळला किंवा टायरात हवा कमी राहिली तर दोन-तीन घोडे तिथंच गळतात. शिवाय कंपनीच्या कागदावरचा आकडा असतो इंजिनाचा आणि रोलरला कळतो चाकाचा. मधे गिअरबॉक्स आपला वाटा खातो. हे सगळं मला माहीत होतं. तरी रंगीत ग्राफ हातात पडला की गिऱ्हाईक खूश व्हायचं, म्हणून मीही खूश. चांगले ग्राफ फ्रेम करून भिंतीवर लावत होतो.

त्यातलाच एक ग्राफ फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचा. कागदावर १०५ घोडे. रीमॅपच्या, म्हणजे ईसीयूचं सेटिंग बदलण्याच्या, आधी रोलरवर ९२, नंतर १२४. म्हणजे पस्तीस टक्के वाढ! गाडीवाला पोरगा माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यती भरायच्या. हा पोरगा आदल्या वर्षी तिथं स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेली, गाडी पळवून आला होता. १७.१ सेकंद, शेवटच्या टोकाला ताशी १२९ किलोमीटर. आमच्या १२४ घोड्यांनिशी परत गेला आणि आला तो पडेल चेहऱ्यानं. टाइमिंगची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. १६.८ सेकंद, १३७ किलोमीटर.

"दादा, तीनच पॉइंट? पाव सेकंदाच्या जरा वर! एवढ्यासाठी एवढे पैसे घेतलेत?"

मी आपलं चालू केलं, ट्रॅक्शन, हवा, क्लच. आण्णा मागं स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, कॅल्क्युलेटर ओढला. अंतर तेच, वजन तेच, तर शेवटचा वेग ताकदीच्या घनमुळाच्या हिशेबानं वाढतो, हे जुनं गणित त्यांना ठाऊक होतं. १३७ भागिले १२९, त्याचा घन. १.२ आलं. "वीस टक्के वाढलीय गाडी. पस्तीस कुठनं आणलीस?"

रात्री शटर ओढून कॉम्प्युटरमधले रन उघडले. चूक आमचीच होती. रीमॅपच्या आधीच्या रनला हवामानाचं करेक्शन बंद, नंतरच्याला चालू. हवा विरळ किंवा तापलेली असली की इंजिन कमी ताकद देतं, म्हणून सॉफ्टवेअर आकडा वर ओढतं. २५ अंश तापमान, ९९० मिलिबार कोरडी हवा, हे एसएई या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेचं माप. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथं आकडा चांगलाच चढतो. साध्या इंजिनाला ते रास्त आहे. पोलोतला टर्बो मात्र हवा स्वतः दाबून भरतो, उंचीचा तोटा बराचसा तोच भरून काढतो. म्हणजे एकाच नुकसानीची भरपाई दोनदा! त्यात तापमानाचा सेन्सर वायरवरून घसरून रेडिएटरपाशी लोंबत होता. शेडमध्ये ३२ अंश, सेन्सर सांगतोय ५०. नुसत्या त्या लोंबण्याचे तीन टक्के. करेक्शन काढून बघितलं तर ११० आणि वर थोडे. ९२ ला वीस टक्के वाढवा, तेवढेच होतात.

अर्धे पैसे परत केले. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.

राहिला त्या तीन पॉइंटचा हिशेब. शेवटचा वेग ताकद सांगतो; सेकंद मात्र सुरुवातीच्या वीस मीटरांत जातात. त्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत पुढची चाकं नुसती धूर काढत होती. पुढच्या वेळी टायरातली हवा थोडी उतरवली आणि सुटताना पाय हलका ठेवायला सांगितलं. नवीन मॅप नाही, काही नाही. १६.३ आला. टोकाचा वेग होता तोच, १३७.

तेव्हापासून आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, त्याच पट्ट्यांवर, टायरात तेवढीच हवा भरून. दोन्ही आकडे करेक्शनशिवाय, आणि तेही तीन-तीन रन जुळले तरच. दुसऱ्या गॅरेजच्या डायनोचा कागद कुणी आणला तर चहा पाजतो, त्याच्याशी आमचा आकडा ताडत बसत नाही. धंदा दीड वर्ष मंदावला. शेजारी पस्तीस टक्के मिळत असताना आमच्या वीसला कोण येतंय? जे आले ते टिकले.

भिंतीवरच्या फ्रेम उतरवल्या. त्याच खिळ्यावर, इंजिनापासून चांगला लांब, आता सेन्सर टांगलाय. शेजारी आण्णांनी जुना पाऱ्याचा थर्मामीटर बांधलाय. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती लावायच्या आधी दोन्ही आकडे बघतात. एका अंशाचा फरक पडला तरी मला आत हाक येते.