पहिल्या हिवाळ्याची बेगमी

अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळवून कॅन्सस-नेब्रास्काच्या माळरानावर वसलेल्या कुटुंबांविषयी वाचताना मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या साठवणीचे अधिक कौतुक वाटते. उन्हाळा मका, भाजीपाला, शिकार आणि रानफळांवर निघत असे; खरी चिंता हिवाळ्याची होती.

डुक्कर मारण्याचे काम थंडी स्थिरावल्यावरच काढले जाई, कारण मीठ आतपर्यंत मुरण्याआधी ऊब लागली तर मांस हाडालगत नासत असे. मीठ चोळलेले मोठे तुकडे काही आठवडे मुरवून मग मिळेल त्या कठीण लाकडाच्या मंद धुरात टांगत. मीठ मांसातले पाणी ओढून घेई आणि धुराने वरचा थर सुकून माश्या दूर राहत. चरबी कढवून साठवणे, सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवून वाळवणे ही कामे बहुतेक स्त्रियाच करीत, आणि वसाहतींच्या इतिहासात त्यांना मिळणारी जागा मला फार अपुरी वाटते.

बटाटे, सलगम आणि गाजरे जमिनीखाली खोदलेल्या तळघरात ठेवत, कारण तेथे ती गोठतही नसत आणि लवकर कोमेजतही नसत. फळे-भाज्या हवाबंद ठेवायची, आट्यांच्या झाकणाची काचेची मेसन बरणीही तोवर निघाली होती; तिचे पेटंट १८५८ चे.

इतके करूनही १८७४ मध्ये टोळधाडीने उभी पिके फस्त केली. पुढे १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने नेब्रास्काच्या उत्तरेकडील डकोटा प्रदेशातील रेल्वे अडली, तेव्हा पीठ संपलेल्या कुटुंबांनी कॉफीच्या हातचक्कीत गहू दळून पाव भाजला.