ऑक्सिजनसाठी राखून ठेवलेल्या अंधाऱ्या रात्री

हंस तारकासमूहातील व्हेल (Veil, म्हणजे तलम पडदा) तेजोमेघाचे छायाचित्र मी नुकतेच दुसऱ्यांदा पूर्ण केले, आणि पहिल्या प्रयत्नात नेमके काय चुकले होते ते आता कुठे मला नीट सांगता येते आहे. पहिल्या वेळी मी एच-अल्फा (हायड्रोजनचा प्रकाश सोडणारा) आणि ओ-थ्री (ऑक्सिजनचा प्रकाश सोडणारा) या दोन्ही फिल्टरांना प्रत्येकी चार तास दिले होते. हायड्रोजनचे लाल तंतू स्वच्छ उमटले. ऑक्सिजनचे निळसर हिरवे तंतू मात्र दाणेदार आणि तुटक दिसत होते, आणि ते वर आणण्यासाठी मी स्ट्रेचिंग, म्हणजे संगणकावर मंद भाग उजळवणे, जितके ताणले तितकी पार्श्वभूमी अधिक डागाळत गेली. दोष प्रक्रियेत आहे असे समजून मी कित्येक संध्याकाळी संगणकासमोर घालवल्या, पण खरा दोष वेळेच्या वाटणीत होता.

तेजोमेघातील विरळ वायूचा प्रकाश मुख्यतः मोजक्या तरंगलांबींवर येतो. एच-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आहे, दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची ठळक रेषा ५००.७ वर आणि तिची मंद जोडीदार ४९५.९ वर आहे, तर गंधकाची जोडी ६७१.६ आणि ६७३.१ वर आहे. दिव्यांचा आणि चंद्राचा उजेड मात्र वर्णपटावर दूरवर पसरलेला असतो. त्यामुळे केवळ तीन किंवा सात नॅनोमीटर रुंदीची पट्टी आत सोडणारा फिल्टर मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेऱ्यापुढे लावला, की नको असलेल्या उजेडाचा फार मोठा भाग बाहेर राहतो आणि तेजोमेघाचा प्रकाश जवळजवळ पूर्ण आत येतो.

या ५००.७ च्या रेषेबद्दल मला विशेष ममत्व आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील कॅट्स आय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना ताऱ्यांसारखा सलग पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतल्या हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. ते कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले: तो प्रकाश साध्या ऑक्सिजनचाच होता, मात्र इतक्या विरळ वायूतला, की उत्तेजित आयनावर दुसरा कण आदळून त्याची ऊर्जा हिरावून घेण्याआधी तो आयन स्वतःच प्रकाश सोडू शकतो. नेहमीच्या घनतेच्या वायूत ही संधी त्याला मिळत नाही.

आता वाटणीविषयी. चंद्रप्रकाश वातावरणात विखुरतो तेव्हा लहान तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतो, आणि रॅलेच्या नियमाने हिशेब केला तर ५०१ नॅनोमीटरला हे विखुरणे ६५६ नॅनोमीटरच्या सुमारे तिप्पट भरते. म्हणजे ज्या चांदण्या रात्री एच-अल्फाचे काम समाधानकारक चालते, त्याच रात्री ओ-थ्रीच्या फ्रेममध्ये आकाशाचाच उजेड भरून राहतो. पहिल्या वेळी मी शुक्ल पक्षातल्या रात्री दोन्ही फिल्टरांमध्ये सरसकट वाटून टाकल्या होत्या. या वेळी चंद्र क्षितिजावर असताना केवळ एच-अल्फा आणि तो मावळल्यावर, किंवा उगवण्यापूर्वी, केवळ ओ-थ्री असा नियम केला आणि तो एकदाही मोडला नाही. शेवटी एच-अल्फाचे चार तास जमले आणि ओ-थ्रीचे चौदा.

हे चौदा तास म्हणजे प्रत्येकी ३०० सेकंदांच्या १६८ फ्रेम. स्टॅकिंगमुळे, म्हणजे अनेक फ्रेम एकमेकींवर रचून एक चित्र केल्यामुळे, प्रकाश वाढतो असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात सर्व फ्रेमची सरासरी काढल्यावर सिग्नल, म्हणजे तेजोमेघाचा खरा प्रकाश, तेवढाच राहतो आणि यादृच्छिक नॉईज, म्हणजे दाणेदारपणा, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे चार तासांवरून चौदा तासांवर गेल्यावर, आकाश तेच आहे असे धरले, तर सिग्नल-नॉईज गुणोत्तर साडेतीनपट न होता जेमतेम १.९ पट होते, आणि तेच आणखी दुप्पट करायचे तर छप्पन्न तास लागतील. चंद्र टाळल्याचा लाभ याहून निराळा आणि माझ्या मते याहून मोठा आहे, कारण तिथे नॉईजचे मूळच कमी होते. अशा अरुंद पट्टीच्या फिल्टरांत, म्हणजे नॅरोबँडमध्ये, पार्श्वभूमी इतकी काळी असते की फ्रेम फार छोट्या घेतल्या तर कॅमेऱ्याचा रीड नॉईज, म्हणजे प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतः भर घालतो तो नॉईज, हाच वरचढ ठरतो. म्हणून मी ३० सेकंदांच्या शेकडो फ्रेमऐवजी दीर्घ फ्रेम घेतो, आणि त्यासाठी ऑटोगायडिंग, म्हणजे एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा आपोआप सुधारणे, चोख ठेवतो. दर काही फ्रेमनंतर दुर्बिणीची दिशा काही पिक्सेल सरकवणे, म्हणजे डिदरिंग, मी अपरिहार्य मानतो. त्यामुळे सेन्सरचे ठरावीक दोष प्रत्येक फ्रेममध्ये ताऱ्यांच्या तुलनेत वेगळ्या जागी पडतात आणि सिग्मा क्लिपिंगच्या, म्हणजे सरासरीपासून फार भटकलेले पिक्सेल वगळण्याच्या, वेळी, उपग्रहांच्या रेघांसोबत, गाळले जातात. झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम दोन्ही फिल्टरांना एकच चालतात, पण एकसारख्या उजेडावर घेतलेले फ्लॅट प्रत्येक फिल्टरचे स्वतंत्र हवेत, कारण धुळीचे कण आणि कडांची काळोखी फिल्टरगणिक बदलते.

तेजोमेघाच्या पश्चिम भागावर ५२ सिग्नी हा तेजस्वी तारा येतो, आणि ओ-थ्रीच्या फिल्टरमधील परावर्तनामुळे त्याभोवती मोठे फिकट वलय उमटले. ते पुसून टाकणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्या वलयाखालून खरा तंतूही जातो, त्यामुळे मी ते सौम्य केले आणि तिथेच थांबलो. नॉईज काढणाऱ्या सॉफ्टवेअरबाबतही माझी हीच भूमिका आहे: जिथे फ्रेममध्ये तंतू नाही तिथे तो निर्माण होऊ नये, मग चित्र थोडे दाणेदार राहिले तरी हरकत नाही. रंगांसाठी एच-अल्फा लालला आणि ओ-थ्री हिरव्या व निळ्या या दोन्हींना दिला. ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांनाही निळसर हिरवाच दिसत असल्यामुळे ही जुळवणी मला प्रामाणिक वाटते. हबलच्या १९९५ मधील ईगल तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात हायड्रोजन हिरवा आणि गंधक लाल दाखवला आहे, त्या जुळवणीचा हेतू मूलद्रव्ये वेगळी ओळखता यावीत हा होता.

आणि इथे तसेच वेगळेपण आपोआप दिसले. व्हेल हे सुमारे २४०० प्रकाशवर्षे दूर, हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत, आणि त्यांची आघातलहर आजही बाहेर सरकते आहे. लहरीच्या लगेच मागे वायू अतिशय तप्त असतो, तिथे ऑक्सिजन उजळतो. तो निवत गेला की त्यामागे हायड्रोजन उजळतो. नव्या चित्रात अनेक ठिकाणी निळसर धार लाल धारेच्या बाहेरच्या अंगाला अगदी चिकटून धावताना दिसते. पहिल्या चित्रात ही जागा निव्वळ दाण्यांनी भरलेली होती.

दोन मुख्य कमानींच्या मधला, पिकरिंगच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोणी पुंजका मी सर्वांत शेवटी उघडून पाहिला. हा भाग १९०४ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना छायाचित्रात सापडला, पण श्रेय हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या नावावर गेले. म्हणून माझ्या फाइलींना मी फ्लेमिंग यांचेच नाव दिले आहे. त्रिकोणाच्या खालच्या टोकापासून निघणारा, केसासारखा बारीक ऑक्सिजनचा तंतू १६८ फ्रेमच्या स्टॅकमध्ये सलग दिसतो, आणि एकट्या फ्रेममध्ये कितीही शोधला तरी सापडत नाही. पुढच्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री त्याच टोकासाठी ठेवल्या आहेत. तंतू चौकटीबाहेर कुठवर जातो ते पाहण्यासाठी दुर्बीण अर्धा अंश दक्षिणेला सरकवणार आहे.