वाचून वाचून शिकणारा कॉम्प्युटर
आज बर्डीवरच्या क्लासमध्ये पोट्ट्यांना नेल (NELL, नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर) बद्दल सांगितलं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या टीमनं जानेवारी 2010 मध्ये सुरू केलेला प्रोग्राम, दिवसरात्र वेबपेजेस वाचून फॅक्ट्स शिकायचा. शहर, बेकरीचा माल अशा प्रत्येक प्रकाराची 10-15 उदाहरणं द्यायची, बाकी तो वाक्यांच्या पॅटर्नवरून शोधणार, भारी ना! पण एक चूक शिरली की पुढच्याही चुकतात, त्यानं इंटरनेटच्या कुकीज (वेबसाइट्स आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात ती छोटी माहिती) बेकरीच्या मालात टाकल्या न् मग तशाच वाक्यांत येणाऱ्या कॉम्प्युटरच्या फाइल्सही तिकडेच, म्हणून मधूनमधून माणसानं तपासावं लागायचं. आपल्या मराठीत तर नागपुरात, नागपूरहून, नागपूरचा, हे सगळं एकच शहर आहे हे त्याला कसं कळावं, यावर पोट्टे क्लास सुटल्यावरही जिन्यात उभे राहून वाद घालत होते, खूप बरं वाटलं. उद्या मराठी विकिपीडियाची पानं घेऊन बसतोय आम्ही.