घोड्याचं घर

बुद्धिबळातला घोड्याचा फोर्क समजायला पाच मिनिटं पुरतात. घोडा अशा घरात टाकायचा, की एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर मारा व्हावा. त्यातला एक राजा असेल तर दुसरा गेलाच म्हणून समजा. घोड्याचा शह मध्ये प्यादं घालून अडवता येत नाही. घोडा मारता आला नाही, तर राजाला हलावंच लागतं. वजिराची तर फारच पंचाईत. एवढा बलाढ्य गडी, पण अडीच घरांची चाल तेवढी त्याच्याकडे नाही. त्यामुळे फोर्कमध्ये सापडला तरी तो घोड्याला उलटून मारू शकत नाही.

हे सगळं कळूनही डावात फोर्क दिसत नाही, कारण नजर मोहऱ्यांवर असते आणि फोर्क असतो रिकाम्या घरात. सी ७ चंच घ्या (पटावरचा उभा पट्टा सी, आडवी ओळ सातवी). काळा राजा ई ८ वर, हत्ती ए ८ वर, दोघंही अजून जागचे हललेले नाहीत. पांढरा घोडा बी ५ वर येऊन बसला, की पुढची उडी सी ७ वर: राजाला शह आणि हत्ती गारद. एकदा हे डोळ्यांत बसलं की बी ५ राखायला ए ६ वर प्यादं सरकवण्याची ती भित्री वाटणारी चाल एकदम शहाणी वाटायला लागते.

रंगाची खूण त्याहून सोपी. घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो. म्हणून तो आणि त्याची दोन्ही सावजं एकाच रंगाच्या घरांत दिसली, की जरा थांबून बघावं. (मग नसलेले फोर्कही दिसू लागतात, पण तो रोग परवडला.)

सोव्हिएत ग्रँडमास्टर पेट्रोस्यानला ही घरं फार लांबून दिसत. १९५६ मध्ये सिमागिनविरुद्ध त्यानं वजीर थेट एच ८ वर नेऊन शह दिला. राजानं वजीर मारायचा, की घोडा एफ ७ वर, पुन्हा शह आणि सोबत काळा वजीर. दहा वर्षांनी, १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, दहाव्या डावात तोच वजीर, तेच एच ८, तेच एफ ७. प्रतिस्पर्धी स्पास्कीनं तो वजीर मारलाच नाही. तिथेच डाव सोडला.