एफजीएफ-२ प्रयोगशाळेतच तयार करताना: माझा अनुभव

माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून तयार केलेल्या बहुक्षम मूलपेशींवर (शरीरातल्या कोणत्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींवर) मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी.चे काम करते. या पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते माध्यम रोज बदलावे लागते. रविवार असो किंवा पाडवा, कोणीतरी लॅबमध्ये येऊन ते काम उरकावेच लागते. या रोजच्या फेऱ्यांचे मोठे कारण म्हणजे माध्यमात घातलेला एफजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारा वाढघटक. हे प्रथिन ३७ अंश सेल्सिअस तापमानाला फार काळ टिकत नाही, आणि त्याची क्रिया ओसरली की या पेशी आपली बहुक्षमता सोडून वाटेल त्या दिशेने विभेदित होऊ लागतात. आमच्या माध्यमात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम असते, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या एका बाटलीला ५० मायक्रोग्रॅम लागतात. ऐकायला हे वजन नगण्य वाटते. परंतु तेवढ्या एका कुपीसाठी माझ्या मासिक विद्यावृत्तीचा मोठा हिस्सा खर्ची पडेल इतकी तिची किंमत होती, आणि बाहेरून मागवलेली कुपी हातात पडेपर्यंत कित्येक आठवडे जात. एकदा मागणी वेळेवर नोंदवूनही कुपी आली नाही आणि तीन महिने जपलेल्या पेशींचा एक संपूर्ण संच मला गोठवून ठेवावा लागला. त्यानंतरच्या बैठकीत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारले, ‘हे प्रथिन आपणच का करू नये?’

प्रश्न साधा असला तरी उत्तर प्रत्येक ग्रोथ फॅक्टरसाठी सारखे नसते. कित्येक वाढघटकांमध्ये सिस्टीन या अमिनो आम्लांच्या जोड्या डायसल्फाइड बंधांनी बांधलेल्या असतात आणि ई. कोलाय जीवाणूच्या पेशीत असे बंध सहसा नीट जुळत नाहीत. मग गोळा झालेले प्रथिन विरघळवून पुन्हा घडी घालण्याचा लांबलचक खटाटोप करावा लागतो. एफजीएफ-२ या बाबतीत सोयीचा आहे. त्याच्या १५४ अमिनो आम्लांमध्ये सिस्टीन चार असले तरी त्याच्या रचनेला एकाही डायसल्फाइड बंधाची गरज नसते, आणि क्रियाशील राहण्यासाठी त्यावर शर्करेच्या साखळ्याही लागत नाहीत. चार सिस्टीन आहेत आणि बंध एकही नाही, ही गोष्ट मी तेव्हा वहीत लिहून घेतली होती. तिचा अर्थ मात्र पाच महिन्यांनी कळला.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी मिळवणे, मानवी जनुक जीवाणूंच्या सोयीच्या कोडॉनमध्ये (डीएनएच्या तीन-अक्षरी शब्दांत) लिहून कृत्रिमरीत्या तयार करून घेणे आणि ते प्लास्मिडमध्ये, म्हणजे जीवाणूत जनुक नेणाऱ्या डीएनएच्या लहान वर्तुळात, बसवणे यांत दोन महिने गेले. त्यात सांगण्यासारखे विशेष काही घडले नाही. पहिल्या खेपेस मी सगळ्यांना ठाऊक असलेली रीत वापरली. जीवाणू ३७ अंशांवर वाढवले, द्रव पुरेसा गढूळ झाल्यावर आयपीटीजी हे रसायन घालून जनुक चालू केले आणि चार तासांनी पेशी फोडल्या. प्रथिन भरपूर तयार झाले होते, पण त्यातले बहुतेक सगळे सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाच्या साक्यात गेले. जीवाणू इतक्या घाईने प्रथिन बनवत होते की त्याला घडी घालायला उसंतच मिळाली नव्हती. दुसऱ्या खेपेस आयपीटीजी एक दशांश केले, शेकरचे तापमान १८ अंशांवर आणले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी पेशी फोडल्यावर प्रथिनाचा मोठा भाग वरच्या स्वच्छ द्रावणात आला. ऑटोक्लेव्ह सांभाळणारे आमचे मामा त्या आठवड्यात मला रोज विचारत, ‘ताई, आज तरी वर आलं का?’ त्यांना त्यातले रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ‘वर’ आणि ‘खाली’ यांतला फरक त्यांनी नेमका पकडला होता.

शुद्धीकरणाचा टप्पा मला सर्वांत आवडला. या प्रथिनाला बेसिक एफजीएफ असेही म्हणतात, आणि नवखे विद्यार्थी त्याचा अर्थ ‘मूलभूत’ असा लावतात (मीही लावला होता). प्रत्यक्षात तो शब्द अल्कधर्मी या अर्थाने आला आहे. उदासीन पीएचला या प्रथिनावर धन भार असतो आणि हेपॅरिन या शर्करेच्या लांब साखळीवर दाट ऋण भार असतो, त्यामुळे दोघांची गाठ घट्ट बसते. ही गाठ केवळ भारामुळे पडत नाही, कारण शरीरातही हा घटक पेशीच्या पृष्ठभागावरील हेपॅरिनसारख्या हेपॅरान सल्फेटला धरूनच आपल्या ग्राहीपर्यंत (रिसेप्टरपर्यंत) संदेश पोहोचवतो. अमेरिकेत बोस्टन येथील शिंग, क्लॅग्सब्रुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हाच गुण वापरून, अर्बुदातून (ट्यूमरमधून) मिळणारा व रक्तकेशिकांच्या पेशी वाढवणारा घटक हेपॅरिन लावलेले कण भरलेल्या नळीत, म्हणजे कॉलमवर, शुद्ध केला होता. तीच युक्ती आजही चालते. जीवाणूंचा अर्क मी हेपॅरिनच्या कॉलममधून जाऊ दिला आणि मग मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले. जीवाणूंची डीएनएला चिकटणारी प्रथिने हेपॅरिनलाही फसून चिकटतात, पण ती एक मोलर मिठाच्या आतच सुटतात. आमचे प्रथिन मात्र दीड मोलरच्या पुढे जाईपर्यंत हलले नाही. प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणारे जेल रंगवून धुतल्यावर सतरा किलोडाल्टनच्या, म्हणजे या प्रथिनाच्या रेणूच्या वजनाच्या, जागी एकच ठसठशीत पट्टा उरला होता. एक लिटर जीवाणूंपासून आठ मिलिग्रॅम प्रथिन मिळाले होते, म्हणजे बाजारातल्या एकशे साठ कुप्यांएवढे. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव खाल्ला.

त्यानंतर क्रियाशीलतेची चाचणी केली. उंदराच्या थ्री-टी-थ्री तंतुजनक पेशींना आधी एक दिवस जवळजवळ सीरमशिवाय ठेवायचे, कारण सीरममध्ये मुळातच इतके वाढघटक असतात की वरून घातलेल्याचा परिणाम दिसत नाही. मग प्रथिनाच्या चढत्या मात्रा द्यायच्या आणि दोन दिवसांनी पेशींची संख्या एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याने अजमावायची, जे जिवंत पेशींमध्ये जांभळे होते. शेजारच्या रांगांत बाजारातून आणलेले प्रथिन मानक म्हणून ठेवले होते. मानकाने दर मिलिलिटरला साधारण एका नॅनोग्रॅमला निम्मा प्रतिसाद दिला. आमच्या प्रथिनाला तेवढ्यासाठी चाळीस नॅनोग्रॅम लागले. जेलवर निर्मळ दिसणाऱ्या प्रथिनाचा जेमतेम चाळिसावा भाग कामाचा होता, आणि बाकीच्याचे काय झाले हे त्या सुंदर पट्ट्यावरून कळायला काहीच मार्ग नव्हता.

मी आधी स्वतःच्या हातावर संशय घेतला आणि चाचणी तीनदा केली; आकडा बदलला नाही. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, मला विरलन कशात केले, म्हणजे प्रथिन कशात पातळ केले, ते विचारले. मी ते साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) केले होते. नॅनोग्रॅमच्या पातळीवर आल्यावर असे प्रथिन प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीला चिकटून बसते, आणि ज्या प्रमाणावर आपण विश्वास ठेवतो त्याचा मोठा भाग पेशींपर्यंत पोहोचतच नाही. बाजारातल्या कुपीत वाहक म्हणून बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन आधीच घातलेले होते, म्हणून मानकाला ही अडचण आली नव्हती. त्या कुपीसोबतच्या पत्रकावर ते छापलेही होते, पण मी पत्रक वाचताना फक्त वजन आणि शुद्धता एवढ्याच ओळी पाहिल्या होत्या. ०.१ टक्के अल्ब्युमिन घालून चाचणी पुन्हा केली तेव्हा चाळिसाचे बारा झाले. सुधारणा मोठी होती, तरी कोडे उरलेच.

ते सोडवायला वहीतली जुनी नोंद उपयोगी पडली. चार सिस्टीनपैकी दोन प्रथिनाच्या पृष्ठभागावर उघडे असतात. जीवाणूच्या पेशीत ते सुरक्षित राहतात, पण हवेशी संबंध आला की एका रेणूचा सिस्टीन दुसऱ्या रेणूच्या सिस्टीनशी बंध जोडतो आणि जोड्या, मग गुठळ्या तयार होतात. जपानी संशोधकांनी १९८८ मध्येच हे दोन सिस्टीन बदलून तिथे सेरीन बसवले होते आणि प्रथिन अधिक स्थिर झाल्याचे दाखवले होते. मी मात्र शुद्ध केलेले प्रथिन दोन दिवस क्षपणकारक (असे बंध जुळू न देणारे रसायन) नसलेल्या बफरमध्ये डायलिसिसला, म्हणजे मीठ काढायला पडद्याच्या पिशवीत, ठेवले होते. मग जेलवर हे दिसले कसे नाही? कारण नमुना जेलवर चढवण्यापूर्वी त्यात आपण मर्कॅप्टोइथेनॉल घालून तो उकळतो, आणि ते रसायन नेमके हेच बंध तोडते. ज्या दोषाचा मला शोध घ्यायचा होता, तो मी प्रत्येक वेळी जेलच्या आधी स्वतःच्या हाताने पुसून टाकत होते. मर्कॅप्टोइथेनॉल न घालता तोच नमुना चालवला, तेव्हा सतराच्या वर चौतीसच्या आसपास दुसरा पट्टा आणि त्याहून वर एक धूसर माळ दिसली. हे पाहून मला वाईट वाटण्यापेक्षा हायसेच अधिक वाटले.

पुढची खेप मी अगदी सुरुवातीपासून थंड खोलीत केली, प्रत्येक बफरमध्ये डीटीटी हे क्षपणकारक ठेवले, डायलिसिस रात्रीपुरतेच केले, आणि शेवटी ग्लिसरॉल घालून लहान लहान वाटे उणे ८० अंशांवर गोठवले, जेणेकरून एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवावी लागू नये. माध्यमात ते हजारो पटींनी विरल होत असल्यामुळे डीटीटीचा पेशींना त्रास होत नाही. या खेपेचा आकडा दीड नॅनोग्रॅम आला.

मूलपेशींना ते देण्यापूर्वी एक काम राहिले होते. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन प्रथिनाबरोबर येते आणि संवेदनशील पेशींना बिघडवू शकते. त्यासाठी प्रथिन कॉलमला चिकटलेले असतानाच ट्रायटन एक्स-११४ हे साबणासारखे रसायन असलेल्या थंड बफरने दीर्घकाळ धुवून घेतले आणि एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी केली. ही चाचणी हॉर्सशू क्रॅब या प्राण्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालते. नावात क्रॅब असला तरी तो खेकड्यापेक्षा कोळ्याच्या जवळचा, आणि त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते. पहिल्या धुण्यात प्रमाण पुरेसे उतरले नाही, दुसऱ्यात उतरले.

त्यानंतर मी दोन संच समांतर वाढवले, एक विकतच्या आणि एक आमच्या प्रथिनावर, आणि दहा वेळा पेशी विभागून नव्या थाळीत लावेपर्यंत दोन्हींची तुलना केली. वसाहतींची कड, ऑक्ट-४ या बहुक्षमतेच्या खुणेचे प्रमाण आणि गुणसूत्रे यांत काही वेगळे आढळले नाही. रोज माध्यम बदलण्याचे काम मात्र संपलेले नाही. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधकांनी २०१८ मध्ये नऊ अमिनो आम्ले बदलून ३७ अंशांवर वीस दिवसांहून अधिक अर्धायुष्य असलेला एफजीएफ-२ तयार केला आहे आणि मॅडमची नजर आता त्यावर आहे. विकतची एक कुपी अजून शिल्लक आहे. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात ती ठेवली आहे, डब्यावर ‘फक्त मानकासाठी’ असे लिहिले आहे, आणि प्रत्येक नवी खेप तिच्याशी ताडून पाहिल्यानंतरच वापरायला दिली जाते.