विसाव्या हिश्शाची घोडी

महिन्याच्या चार-पाच तारखेला ग्रूपवर पीडीएफ येऊन पडते आणि माझ्या पोटात गोळा येतो. ट्रेनिंग फी, नालबंद, डॉक्टर, औषधं, शेवटी एकूण आकडा भागिले वीस. या वेळी माझ्या वाट्याला 2,860 आले, आणि घोडी महिनाभर धड पळालीही नाही. पाय दुखत होता म्हणे. पाय दुखला की डॉक्टरचा आकडा वाढतो, बक्षिसाची शक्यता कमी होते, म्हणजे दोन्हीकडून मार आपल्यालाच.

तर हो, मी रेसच्या घोडीत वाटा घेतलाय. म्हापशात राहून. गोव्यात रेसकोर्स नाही, आमच्या घरात आजवर म्हशीपेक्षा मोठं जनावर आलेलं नाही. पुण्याचा एक जुना कॉलेजमित्र म्हणाला, वीसजण मिळून घेतोय, बारा लाखांची आहे, हिश्शाला साठ हजार पडतात, एक हिस्सा शिल्लक आहे. मी दोन दिवस विचार केला असं सांगतो सगळ्यांना, खरं तर त्याच रात्री पैसे पाठवले. आईला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "घोडो? आनी तो दवरतलो खंय?" म्हणजे ठेवणार कुठे. मग बाबा सुरू झाले. जुगार, मटका, मांडवीतली कसिनोची जहाजं, सगळं एका दमात. मी म्हटलं, बाबा, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने 1996 साली म्हटलंय. तर ते लगेच म्हणाले, त्याच वर्षी इथल्या हायकोर्टाने आमच्या धीरयो, बैलांच्या झुंजी, बंद पाडल्या, तेव्हा कोर्टाचं मला सांगू नकोस. यावर काय बोलणार.

पण वाटा म्हणजे काय हे खरं बाबांनाच जास्त कळतं. आम्ही गावकार, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचे वाटेकरी, त्या कोमुनिदादची जोण, म्हणजे नफ्यातला वाटा, त्यांच्या नावावर येते. रक्कम एवढीशी की एका वेळचा इसवण मासा येणार नाही, पण ती आणायला ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात. त्यांनी विचारलं, तुझ्या घोडीची जोण कधी मिळते? म्हटलं, मिळत नाही, भरावी लागते. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

वाटा विकताना मात्र कोणी असं बोलत नाही. ज्या माणसाने आमचं सिंडिकेट, म्हणजे हा वीसजणांचा गट, जुळवलं त्याने पहिल्याच झूम कॉलवर ड्रीम अलायन्स नावाच्या घोड्याची गोष्ट सांगितली. वेल्समधलं छोटं गाव, 23 जण आठवड्याला दहा-दहा पौंड काढतात, घोड्याचा स्नायूबंध फाटतो, उपचार होतात आणि तोच घोडा परत येऊन 2009 ची वेल्श ग्रँड नॅशनल शर्यत मारतो. मस्तच गोष्ट आहे, ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. नंतर मी शोधून वाचलं तेव्हा कळलं की खर्च वजा जाता शेवटी एकेकाच्या हातात चौदाशे पौंडांच्या आसपास आले, कित्येक वर्षांनी. म्हणजे जिंकलेल्यांची ही गत. न जिंकलेल्यांवर झूम कॉल होत नाहीत. आणि ट्रान्सपोर्ट, डॉक्टर वेगळं हे त्याने सांगितलं नव्हतं, ते आम्हाला पहिल्या पीडीएफमधून कळलं.

माझंही चुकलंच म्हणा. करार मी सही करून झाल्यावर नीट वाचला. कोणी वाचत असाल आणि असा वाटा घ्यायचा विचार असेल तर आधी एवढं बघा की मधेच बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण घेणार आणि कुठल्या भावाने, घोडी विकायचं कोण ठरवणार, विमा आहे का, आणि एखाद्याने बिल थकवलं तर त्याचा भार बाकीच्यांवर येतो का. आमच्यात एकजण तीन महिने गायब आहे, ग्रूपवर गुड मॉर्निंग मात्र रोज टाकतो.

घोडीचं रजिस्टर्ड नाव लांबलचक इंग्रजी आहे, मी तिला काजू म्हणतो, रंग काजूच्या पिकलेल्या बोंडूसारखा म्हणून. आईला तिची जन्मतारीख हवी होती, भटजींना दाखवायला. रेसच्या हिशोबात आपल्याकडच्या सगळ्या घोड्यांचं वय 1 जानेवारीलाच वाढतं म्हटल्यावर तिने तो नाद सोडला.

जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला तेव्हा रात्रीच्या बसने गेलो, आंबोलीत धुवांधार पाऊस, झोप नाही. पहाटे रेसकोर्सच्या तबेल्यात पोचलो तेव्हा काजू ठाणातून मान बाहेर काढून उभी होती, पुढच्या पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. फोटोत मोठी वाटते, पण समोर तिचे पाय बघितले आणि धस्सच झालं, घोट्याशी माझ्या मनगटापेक्षा थोडेसेच जाड, आणि त्यावर साडेचारशे किलो. कोवळ्या घोड्यांची पुढची नळी पळून पळून दुखावते, विश्रांतीशिवाय इलाज नाही, हे तिला सांभाळणाऱ्या सईसाने तिच्या नळीवरून बोट फिरवत दाखवलं. तो बोट फिरवत होता तेव्हा तिने एकदाच कातडी थरथरवली. त्या पीडीएफमधली "डॉक्टर" ही ओळ मला तेव्हा कळली.

शेजारच्या ठाणात एकाची रेस होती, नालबंद त्याचे लोखंडी नाल काढून अॅल्युमिनियमचे ठोकत होता. एक हातात दिला. इतका हलका की मी उगाच दुसऱ्या हातात घेऊन बघितला.

आईने मयडेची केळी दिली होती, खास "तिच्यासाठी". मी पिशवी उघडली तसा सईस पुढे आला, नाही साहेब, बाहेरचं काही नाही. रेसनंतर टेस्ट होते, चॉकलेटमधला एक पदार्थसुद्धा पकडला जातो, म्हणून कोणाच्याही हातचं काही द्यायचं नाही असा नियमच त्याला घालून दिलाय. मी वरमलो. त्याने केळी नीट बघितली, एवढं मोठं केळं कुठलं म्हणून विचारलं, आणि दोन स्वतः खाल्ली. घरी आईला सांगितलं की केळी आवडली. कोणाला ते नाही सांगितलं.

बायकोचं म्हणणं आहे की चतुर्थीच्या महिन्यात तरी हे 2,860 नको होते, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान काय भावाने मिळतं बघितलंय का. बरोबर आहे तिचं. पण काल रात्री जेवताना ग्रूपवर सईसाने पाठवलेला फोटो आला, रिकामी घमेली, खाली लिहिलेलं की बऱ्याच दिवसांनी दाणा सगळा संपवला, उद्यापासून हळूहळू चालवणार. मी फोन बायकोच्या पुढे धरला. तिने घमेली झूम करून बघितली आणि विचारलं, "पाय बरा झाला म्हणजे?"

"वाटतंय."

"मग पुढच्या वेळी जाशील तेव्हा मला सांग, मी पण येते."